मुळशीच्या घराला सीडरच्या लाकडी शिंगल्स: भिंतीला घ्या, छपराला नको

तुम्ही विचारलंय की पौडच्या पुढे मुळशीच्या वाटेवर घर बांधायचंय, मुलाकडे सिॲटलला राहून आलात, तिथली सीडरच्या लाकडी शिंगल्सची, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या पातळ फळ्यांची, छपरं मनात भरली, आणि तुमचे आर्किटेक्ट म्हणतात, "सीडर कुजत नाही, बिनधास्त टाका." तर छपरावर आणि भिंतींवर दोन्हीकडे टाकावं का?

छपरावर टाकू नका. भिंतीवर टाका, पण सरसकट सगळ्या भिंतींवर नाही. मी पुण्यात आणि आसपास घरांच्या लाकूडकामाचे ठेके घेते. सीडरची छपरं लावलीही आहेत आणि दुसऱ्यांनी लावलेली उतरवलीही आहेत. उतरवण्याचे पैसे जास्त मिळतात, हे जाता जाता सांगते.

"सीडर कुजत नाही" हे अर्धवट खरं आहे. आपण बोलतोय ते वेस्टर्न रेड सीडर, म्हणजे थुजा प्लिकाटा. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ते मुबलक होतं. त्याच्या गाभ्यात थुजाप्लिसिनसारखी द्रव्यं असतात आणि ती बुरशीला वाढू देत नाहीत. लाकूड म्हणून ते फार हलकं, घनमीटरला साधारण 370 किलो. आपला साग साडेसहाशेच्या आसपास भरतो. म्हणजे सीडरची ताकद त्याच्या घट्टपणात नाही, त्या मुरलेल्या द्रव्यांत आहे. आणि ती पाण्यात विरघळतात. नव्या सीडरवरून पहिल्या पावसात चहाच्या रंगाचं पाणी उतरतं, ते हेच. दर पावसाळ्यात थोडं थोडं निघून जातं. खालच्या कडेला जेमतेम सेंटीमीटरभर जाड आणि वरच्या टोकाला अगदीच पातळ अशा फळीत असा साठा असणार तरी किती?

आता पाऊस. सिॲटलला वर्षाकाठी साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पडतो. पुणे शहरात साडेसातशेच्या आसपास. फरक तुम्हाला वाटतो तितका नाही! पण तिथला बराचसा पाऊस थंडीत पडतो, पारा 5 ते 10 अंशांवर असताना, आणि त्या गारठ्यात बुरशी जवळजवळ झोपलेलीच असते. उन्हाळा येतो तो कोरडा, छप्पर खडखडीत वाळून निघतं. मुळशी-ताम्हिणीकडे काय होतं? 5000 मिलिमीटरच्या वर जाणारी वर्षं तिकडे असतात, आणि तो सगळा चार महिन्यांत, पंचवीस अंशांच्या आसपास. आठवडेच्या आठवडे ऊन नाही, धुकं हटत नाही, कपडे वाळत नाहीत. लाकडाला भिजण्याची भीती नसते, वाळायला न मिळण्याची असते. ओल आणि ऊब एकत्र मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. अमेरिकेच्या दमट दक्षिण-पूर्व भागात तर तिथले लोकही दाबाखाली औषध मुरवलेल्याच शिंगल्स घ्या म्हणून सांगतात. तो भागसुद्धा मुळशीइतका भिजत नाही.

मग शहरात चालेल का? तुमचा प्रश्न नाही, पण कोणीतरी विचारेलच. शहरात अडचण उलटी होते. एप्रिलच्या चाळीस अंशांत फळीची वरची बाजू करकरीत वाळते, खालची तितकी वाळत नाही, आणि कडा वर उचलल्या जातात. आमचे मिस्त्री एकदा बाणेरच्या एका गच्चीवरच्या छपराकडे बघून म्हणाले, "ताई, पापड वाळत घातल्यासारखं झालंय हे." तसंच दिसत होतं.

पावसाच्या मुलखात लाकडी छपरं कुठेच नसतात असं नाही. इंडोनेशियात उलिन नावाच्या लोखंडासारख्या जड लाकडाच्या फळ्या छपरावर घालतात, पण त्या लाकडाची आणि सीडरची बरोबरीच नाही. मनालीच्या हिडिंबा मंदिराचं छप्पर लाकडी फळ्यांचं आहे, पण तिथे देवदार आणि थंडी. आपल्याकडे पेशवाईतल्या वाड्यांत लाकूड काय कमी होतं? खांब, तुळया, सज्जे, विश्रामबागवाड्याचा अख्खा दर्शनी भाग. पण वर काय? कौलं. सागवान हाताशी असलेल्या सुतारांनीही ते पावसात उघडं टाकलं नाही.

दुसरं कारण आगीचं, आणि ते मला पावसाइतकंच महत्त्वाचं वाटतं. 1961 साली लॉस एंजेलिसच्या बेल एअर भागात वणवा लागला आणि जवळपास 500 घरं गेली. लाकडी छपरांच्या पेटत्या ढलप्या वाऱ्यावर उडून पुढच्या घरांवर पडत गेल्या. तुमच्या बाजूला फेब्रुवारी ते मे डोंगरांना वणवे लागतात, ते तुम्ही प्लॉट बघायला जाताना पाहिले असतीलच. शिवाय दिवाळीतले रॉकेट. आगरोधक द्रव्य दाबाखाली मुरवलेल्या शिंगल्स मिळतात, पण मुरवलेल्या की नुसत्या वरून फवारलेल्या, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. फवारलेलं मुळशीत एका पावसाळ्यात धुऊन जाईल.

तरीही कुठेतरी छपरावर हवंच असेल, तर फाटकावरच्या कमानीला किंवा बागेतल्या मांडवाला टाका, जिथे खराब झालं तर घरात पाणी येणार नाही. तिथे मात्र नीट टाका. शिंगल म्हणजे दोन्ही बाजूंनी करवतीने कापलेली, गुळगुळीत. शेक म्हणजे पाचरीने फोडलेली, जाड, खडबडीत. शेकच्या दोन ओळींमध्ये डांबरी फेल्टची पट्टी लागते, कारण खडबडीत पृष्ठामुळे फटी राहतात. शिंगलला ती लागत नाही. शेकला 12 इंच आडव्या अंतरात किमान 4 इंच उतार लागतो, शिंगल 3 इंचांवर भागवते, पण आपल्या पावसात मी 6 च्या खाली जाणार नाही. 16 इंची शिंगल लावली की उघडी दिसते ती फक्त 5 इंच. बाकीची वरच्या ओळींखाली जाते, म्हणजे कुठेही बोट ठेवा, खाली तीन थर. हे गणित चुकवून 7 इंच उघडी ठेवली की माल वाचतो आणि छप्पर गळतं. मी उतरवलेल्या एका छपरात नेमकं हेच केलं होतं. खाली सलग प्लायवूडही होतं. रिपांवर, म्हणजे अंतर सोडून ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवर, घातलेल्या शिंगलला खालून वारा मिळतो, प्लायवर चिकटवलेली वाळणार कुठून? उचकटली तेव्हा मागची बाजू बोटाने चिवडता येत होती, आणि वरून पाहिलं तर छप्पर छान रुपेरी दिसत होतं.

आता भिंती. इथे सीडर खरोखर शोभतं आणि टिकतंही, कारण भिंतीवर पाणी साचत नाही. पण कुठली भिंत? पावसाळी वारा तुमच्याकडे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या दोन बाजू सोडा. तिथे दगड किंवा गिलावा बरा. उत्तरेला, पूर्वेला, व्हरांड्याच्या आतल्या भिंतीला सीडर घ्या. वळचण तीन फूट तरी बाहेर काढा. जमिनीपासून आठ इंच वर सुरुवात करा, नाहीतर उडणाऱ्या लाल चिखलाने खालच्या ओळी पहिल्याच वर्षी रंगतील. आणि वाळवीला वर चढायला तेवढाच अडसर होतो, तिच्या मातीच्या नळ्या दिसतात तरी. वाळवी सीडरला हात लावत नाही हेही ऐकाल. लावते. पायाचं वाळवीरोधक काम सीडरच्या भरवशावर टाळू नका.

शिंगल थेट गिलाव्यावर ठोकू नका. आधी भिंतीवर उभ्या रिपा, त्यावर आडव्या, मग शिंगल. मागे पाऊण इंचाची पोकळी राहील. खाली आणि वर ती उघडी ठेवा आणि उंदीर-पाली जाऊ नयेत म्हणून जाळी मारा. पुण्यातल्या सुतारांना ही पोकळी फुकट गेलेली जागा वाटते. चहा पाजून समजावा, पण सोडू नका. भिंतीवर 16 इंची शिंगल 7 इंच उघडी ठेवली तरी चालते, दोन थर पुरतात.

दोन शिंगलमध्ये फट ठेवायचीच, 6 ते 10 मिलिमीटर. आमच्याकडचा कारागीर सांधा जुळवण्यात इभ्रत मानतो, त्याला फट दिसली की राहवत नाही. पण मे महिन्यात वाळलेला माल चिकटून लावला तर जूनमध्ये तो फुगतो आणि जागा नसली की ओळच्या ओळ पोट काढून उभी राहते. वरच्या ओळीची फट खालच्या फटीपासून किमान दीड इंच बाजूला हवी. दहा इंचांपर्यंत रुंद फळीला खिळे दोनच, कडेपासून पाऊण इंच आत, आणि वरची ओळ त्यांना झाकेल इतक्या उंचीवर. डोकं फळीला टेकलं की हात थांबवा. आत घुसवलं की ते लाकूड तिथेच चिरतं, लगेच नाही, दोन उन्हाळ्यांनी.

खिळे स्टेनलेसचे, 304 ग्रेडचे. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत घर असतं तर 316 म्हटलं असतं. साधे लोखंडी किंवा नुसती चकाकी दिलेले चालणार नाहीत, आणि हे कंजूषपणा करून बघण्यासारखं नाही. सीडरमधल्या टॅनिनला लोखंड लागलं की निळसर काळा डाग पडतो, प्रत्येक खिळ्याखाली एक लांब ओघळ.

याच टॅनिनचा एक प्रकार बावधनच्या एका बंगल्यावर पाहिला. भिंत उत्तम लागली होती, खिळे स्टेनलेसचे. दोन दिवसांनी रेलिंगवाला आला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर लोखंडी पाइप कटरने कापत बसला. ठिणग्या उडाल्या, कोणाचं लक्ष नाही. रात्री वळवाचा पाऊस झाला. सकाळी अर्ध्या भिंतीवर मोहरीएवढे शेकडो काळे ठिपके. मालकीणबाई म्हणाल्या, बुरशी आली, तुमचं लाकूडच खराब. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने, हातमोजे घालून, मऊ ब्रशने पुसलं, भरपूर पाण्याने धुतलं, तेव्हा गेले. म्हणून वेल्डिंग, ग्रिल, रेलिंग सगळं आधी उरकून घ्या, सीडर शेवटी.

रंगाबद्दल थोडक्यात. पॉलिश, पीयू, व्हार्निश काही नको. पापुद्रा धरणारं काहीही वर्षा-दोन वर्षांत सुटतं. आत मुरणारं तेल द्या, नाहीतर काहीच देऊ नका आणि राखाडी होऊ द्या. एवढंच की वळचणीखालचा भाग तपकिरी राहील आणि खालचा राखाडी होईल. ते आवडणार नसेल तर आत्ताच ठरवा. शेवाळ आलं तर गाड्या धुतात त्या प्रेशर पंपाने मारू नका, लाकडाचे तंतूच निघून येतात.

कारागिरांना मास्क द्या, चांगला, धूळ अडवणारा. सीडरच्या भुशात प्लिकॅटिक ॲसिड असतं आणि त्याने दमा होतो. तिकडच्या गिरणी कामगारांत हे पूर्वीपासून माहीत आहे. त्रास बरेचदा काम करताना नाही, रात्री सुरू होतो. एखादा पोरगा सकाळी "रात्रभर खोकलो" म्हणाला तर हवामानावर ढकलू नका, त्याला करवतीपासून बाजूला करा.

खरेदी करताना दोन-तीन गोष्टी पाहा. पुण्याच्या बाजारात नुसतं "शिंगल्स" म्हटलंत तर डांबरी शिंगल्सचा दर सांगतील, त्यामुळे बिलावर थुजा प्लिकाटा आणि ग्रेड लिहून घ्या. नंबर एक, निळ्या लेबलचा माल मागा. तो सगळा गाभ्याचा, बिनगाठीचा आणि उभ्या रेषांचा असतो, म्हणून कमी वाकतो. गठ्ठा फोडून चार फळ्यांच्या कडा बघा. पांढरट पट्टा दिसला तर ते बाहेरचं कच्चं लाकूड, परत करा. दर "स्क्वेअर"वर सांगतात, म्हणजे 100 चौरस फूट. 16 इंचीचे चार गठ्ठे एवढं क्षेत्र झाकतात, पण ते 5 इंच उघडी ठेवल्यावर. भिंतीला 7 इंच ठेवणार असाल तर माल कमी लागेल, हे पुरवठादार आपणहून सांगेलच असं नाही.

छपराला मंगलोरी कौलं घ्या. एक कौल दोन-अडीच किलोचं, तेव्हा वासे त्या हिशोबाने ठेवायला आर्किटेक्टना आत्ताच सांगा. लाकूड डोळ्यांसमोर हवंच असेल तर कौलांखालून फळ्यांचं तक्तपोशी काम करून घ्या. आणि भिंतीच्या सीडरचं काम मे महिन्यात काढू नका. दिवाळी झाल्यावर, माल तुमच्याच साइटवर सावलीत, गठ्ठे सोडून दोनेक आठवडे ठेवा आणि मग लावा.