‘घसा बसलाय’ हे उत्तर पुरत नाही

“आमचा मुलगा कुणाला उलट बोलत नाही, उद्या मित्रांनी सिगारेट पुढे केली तर तो काय करील?” सांगलीतील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न अनेक पालक विचारतात. नववीतल्या एका मुलाची आई हीच काळजी घेऊन आली होती. क्लास सुटल्यावर कृष्णेच्या घाटावर त्याचे दोन मित्र सिगारेट ओढत आणि त्याच्या शर्टालाही तो वास आला होता.

बोलणे सुरू होण्यापूर्वी मी त्याला चहा घेणार का, असे विचारले. “चालेल,” तो म्हणाला. अर्ध्या तासाने कपावर साय धरलेली होती, आणि तो चहा घेतच नाही, हे मला त्याच्या आईकडून कळले. मला त्या कपातच बरेचसे उत्तर मिळाले.

आईंचा सगळा राग टपरीवाल्यावर होता. तो अस्थानी नव्हता. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी आहे. पण या मुलापुढे सिगारेट धरणारा हात बाकावर शेजारी बसणाऱ्या मित्राचा होता.

मग मी मित्र झालो आणि पेन्सिल पुढे केली. “एक झुरका मार की, काय होतंय?”

“आज घसा बसलाय,” तो खाली बघत म्हणाला. उद्या घसा सुटल्यावर काय सांगशील, असे विचारताच त्यालाच हसू आले. म्हणून सबब न देता, मान वर ठेवून “मी ओढत नाही” एवढेच म्हणायचे, आग्रह झाला तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचे आणि लगेच “चल, भडंग खाऊ” म्हणत चालू लागायचे, असे ठरले. “आईला विचारून येतोस काय?” हा टोमणा मारल्यावर पहिल्या दोन वेळा त्याचे कान लाल झाले, सातव्या-आठव्या वेळी मात्र आवाज न चढवता वाक्य बाहेर पडले.

“एकदा ओढल्यानं खरंच काय होतं?” असेही त्याने विचारले. कॅन्सरची भीती मी दाखवली नाही, कारण झुरका मारून धडधाकट घरी जाणारे मित्र तो रोज पाहत होता. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि वाढत्या वयात त्याची सवय लवकर जडते, एवढेच सांगितले.

आईंचा गृहपाठ अधिक अवघड होता: तिसरी पोळी किंवा पाहुण्यांसमोर गाणे म्हणणे त्याने नाकारले, तर ते ऐकून घ्यायचे. “म्हणजे उद्धट होऊ द्यायचा?” असे त्यांनी विचारले. मोठ्यांशी अदबीने बोलूनही नको म्हणता येते, हे त्यांना पटायला दोन भेटी लागल्या.

दीड महिन्याने तो पुन्हा आला. एक मित्र आता भडंग खायला येतो. दुसऱ्याने बोलणेच टाकले आहे आणि त्याचे त्याला फार वाईट वाटते. पुढच्या तीन भेटी आम्ही त्या दुसऱ्या मित्राबद्दलच बोललो.