कॉलरबोन, मग नडगी, आणि तिसऱ्यांदा अँटिबायोटिक? जरा थांबा

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच उडाली. नऊ वर्षांची पोरगी, आधी कॉलरबोन सुजलं, चार महिन्यांनी नडगी, दुखणं रात्री जास्त, ताप नाही, सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) नॉर्मल आणि तरी हाडाचं इन्फेक्शन म्हणून तिसरा कोर्स. अहो ही आमच्याच पोरीची फाईल आहे!

मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळं त्या हिशेबानंच वाचा. आमचं शेवटी सीआरएमओ (क्रॉनिक रिकरंट मल्टिफोकल ऑस्टिओमायलायटिस) निघालं, म्हणजे हाडं परत परत सुजायचा आजार, हल्ली सीएनओ (क्रॉनिक नॉनबॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस) पण म्हणतात. यात जंतू नसतातच, हाड आपलं आपणच सुजतं.

आमचं सगळ्यात जास्त वाटोळं कशानं झालं तर एका हॉस्पिटलात (नाव घेत नाही) आधी सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं आणि अकराव्या दिवशी बायोप्सी, म्हणजे हाडाचा तुकडा काढून तपासणी. कल्चरमध्ये (तुकड्यातले जंतू वाढवून बघतात त्यात) काहीच उगवलं नाही. मी म्हटलं सर, मग जंतूच नसतील. तर म्हणे औषधानं मेले असतील, म्हणजे लागू पडतंय, अजून सहा आठवडे द्या. आता यावर काय बोलणार? त्यात हा आजार आपला आपण कमी-जास्त होतो, मधे पंधरा दिवस पोरगी बरी असायची, मग आम्हालाही तेच खरं वाटायचं. हाताला शीर मिळेना झाली, सुई बदलायला सिस्टर आल्या की ती दोन्ही हात पाठीमागं लपवायची. असं वर्ष गेलं.

म्हणून परत बायोप्सी ठरलीच तर अँटिबायोटिकच्या आधी होईल का, एवढं तोंड उघडून विचारा. पण ताप चढला, पोर मलूल दिसायला लागली तर माझं काही ऐकू नका, खरं इन्फेक्शन असलं तर थांबणं महागात पडतं. आणि बायोप्सी टाळूही नका, ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) किंवा इविंग सार्कोमा (हाडाचा कॅन्सर) नाही हे कळायलाच पाहिजे. जुन्या बायोप्सीच्या स्लाइड आणि तो तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, आम्हाला त्यासाठी चार हेलपाटे पडले.

पुण्याला लहान मुलांच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टनी (सांधे-हाडांची सूज बघणारे डॉक्टर) पूर्ण अंगाचा एमआरआय काढायला लावला. दुखत होती दोन हाडं, दिसली पाच! घोट्याजवळचं तर तिनं कधी सांगितलंही नव्हतं. नुसत्या नडगीचा एमआरआय परत परत काढून पैसे घालवू नका, हे माझं मत.

आधी नेप्रोक्सेन (दुखणं-सूज कमी करायची गोळी) दिलं, जेवणावर द्यायचं बरं का, उपाशीपोटी नाही. ते पुरलं नाही म्हणून मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्ती शांत करून सूज दाबणारं औषध. हे आठवड्यातून एकदाच असतं, आमच्या केमिस्टनं पाकिटावर 'रोज १' लिहून दिलेलं, बायकोनं पकडलं म्हणून बरं. काही पोरांना पॅमिड्रोनेट, अडालिमुमॅब पण लागतं, त्यातलं मला कळत नाही.

आणि हो, तुमची पोरगी पाठ दुखते म्हणते का? म्हणत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, फोन करून सांगा. मणक्यात असलं तर मणका दबू शकतो आणि मग औषधही वेगळं ठरतं.