गुलमर्गच्या दोरीपलीकडे जायचं असेल, तर आधी महीच्या वाळूत या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बडोद्याचे तुम्ही चौघं, गेल्या जानेवारीत गुलमर्गला स्कीचा बेसिक कोर्स केलात, दोघांचा पर्वतारोहणाचा बेसिकही झालाय. आता येत्या फेब्रुवारीत स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे न घसरू देणारी केसाळ पट्टी लावून, आपल्या पायांनी चढून, गुलमर्गच्या अफरवट डोंगराच्या मागच्या उतारांवर पाच दिवस फिरायचं ठरवलंय. विचारलंय ते असं: स्की कोणती घ्यायची, बडोद्यात राहून तयारी कशी करायची आणि गाइड लागतोच का. तिन्हींची उत्तरं देतो. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न आहे आणि माझ्या मते बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. चौघांतला एक हिमस्खलनात बर्फाखाली गेला, तर उरलेले तिघं त्याला दहा मिनिटांत बाहेर काढू शकतील का?

दहा मिनिटं मी अंदाजाने म्हणत नाही. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १० मिनिटांत बाहेर निघाला, तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर दहातले तीनच. पूर्वी हा सुरुवातीचा अवधी १५ ते १८ मिनिटं मानायचे, पण स्वित्झर्लंडमधल्या अनेक वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर तो १० वर आला. आता सांगा, दहा मिनिटांत तुमच्यापर्यंत कोण पोहोचणार? गुलमर्गला स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवर गस्त आणि बचाव करणारी माणसं आहेत आणि ती जीव तोडून काम करतात. पण ती गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, आसपासचा ठरावीक भाग सांभाळतात. त्या भागाच्या हद्दीची दोरी ओलांडलीत की तुमचं बचाव पथक म्हणजे तुमच्याबरोबरचे तिघं.

माझ्यावर ही वेळ आली होती. पंधराएक वर्षं झाली. आम्ही पाच जण दोरीबाहेर, रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलेलं. आमच्या आधी कोणीतरी उतरून गेल्याच्या रेघा दिसत होत्या, म्हणून उतार सुरक्षित असं आम्ही धरून चाललो. चढताना पायाखालून दोनदा ‘धब्ब’ असा दबका आवाज आला, वरच्या मजल्यावर कोणी गादी टाकावी तसा. मी ऐकला, सगळ्यांनी ऐकला, कोणीच काही बोललं नाही. माझा मित्र उताराच्या मधोमध पोहोचला आणि त्याच्या वर वीसेक फुटांवर बर्फाला आडवी चीर गेली. सगळा उतार ताटातली वडी घसरावी तसा खाली आला. थांबला तेव्हा मित्र कुठेच नव्हता. बीकन, म्हणजे प्रत्येकाच्या अंगावरचं रेडिओ संकेत सोडणारं आणि पकडणारं यंत्र, शोधावर लावलं, तर पडद्यावर काहीच येईना. शेवटी एकाला बर्फातून वर आलेलं हातमोज्याचं टोक दिसलं आणि आम्ही तिथे खणलं. डोकं मोकळं व्हायला सहा-सात मिनिटं लागली असतील. ओठ निळे पडले होते. तो वाचला. त्याचं बीकन बंद होतं, कारण जीपमध्ये बॅटरी वाचवायला त्याने ते बंद केलं होतं आणि सकाळी आम्ही एकमेकांची बीकनं तपासलीच नव्हती. मोजा वर आला नसता तर पुढे काय झालं असतं, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

त्या उतारावर काय घडलं ते समजून घ्या. मला तेव्हा ते कळत नव्हतं. काश्मीरमध्ये हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा पडतो, मग काही आठवडे कोरडी, निरभ्र, कडक थंडी. जमीन त्यामानाने ऊबदार, वरची हवा गार आणि मध्ये बर्फाचा पातळ थर. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकते आणि खालच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे, एकमेकांना न चिकटणारे दाणे होतात. मग जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी झंझावात येतो आणि दोन-तीन दिवसांत त्या दाण्यांवर जाड, घट्ट थर चढतो. घरी करून बघा: परातीत साबुदाणा पसरा, वर मैदा ओतून हाताने दाबून थापा आणि परात हळूहळू तिरकी करा. बराच वेळ काही होत नाही, मग मैद्याची अख्खी वडी एकदम सुटते. ‘धब्ब’ आवाज म्हणजे तो साबुदाण्याचा थर तुमच्या वजनाने आत खचल्याची खूण. तो ऐकू आला की त्या दिवशी उभ्या उतारावर जायचं नाही, वाद घालायचा नाही. आधीच्या रेघांनी काही सिद्ध होत नाही. त्या माणसाच्या स्कीखाली थर जाड होता, तुमच्या स्कीखाली पातळ असू शकतो.

उतार किती उभा, हा यातला दुसरा अर्धा भाग. अशी वडी बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते आणि नेमका तोच उतार स्कीला सगळ्यात मजेचा. घरातला साधा जिना ३० अंशांच्या थोडा वर असतो, दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने त्याहून बरेच उभे. फोनमध्ये कोन मोजायचं ॲप टाका आणि आतापासून दिसेल तो उतार आधी डोळ्यांनी सांगा, मग मोजा. महिनाभरात नजर बसते. एक चूक मात्र सगळे करतात: आपण २५ अंशांवर उभे आहोत म्हणून निर्धास्त राहतात आणि डोक्यावर ४० अंशांचा उतार लटकतोय हे पाहत नाहीत. वरून सुटलेलं खालीच येतं.

हे नवख्यांपुरतं आहे असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमध्ये द्रौपदी का डांडावर प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन झालं, २९ जण परतले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू १६ दिवसांत चढलेली प्रशिक्षक सविता कंसवाल त्यांच्यात होती. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्याच हापतखुद भागात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गलाच एक रशियन. तुम्ही ठरवलेला महिना आणि तुम्ही ठरवलेला डोंगर.

म्हणून माझा सल्ला असा. फेब्रुवारीत जा, पण पाचही दिवस मागच्या बाजूला नको. पहिले दोन दिवस गुलमर्गमध्येच राहा, कारण शरीरालाही वेळ लागतो. बडोदे समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरही उंच नाही, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला बघता बघता ३,९०० च्या वर नेऊन सोडतो. वर डोकं दुखलं, मळमळलं तर त्याच दिवशी खाली या. झोपायला खालीच येत असाल तर फारसं बिघडत नाही, पण पुढेमागे तंबू टाकून राहणार असाल तर ३,००० च्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी हे आवर्जून विचारावं.

तिसऱ्या दिवसापासून गाइडबरोबर, ३० अंशांखालच्या आणि वर काही न लटकणाऱ्या जागांवर स्किन लावून चढा. जंगलाच्या पट्ट्यात अशा जागा मिळतात. चढ-उतार, स्किन काढणं-लावणं, वळणं, सगळं तिथे शिकता येतं आणि चौघांचा वेगही एकमेकांना कळतो. मागचे मोठे उतार पुढच्या वर्षासाठी राहू द्या.

गाइड लागतोच का, तर हो, लागतो. पण गाइड घेतला म्हणजे डोकं घरी ठेवायचं असं नाही. बोलणी करताना त्याला विचारा की गेल्या आठवड्यात कोणत्या उतारावरून तो परत फिरला आणि का. चांगला गाइड यावर दहा मिनिटं बोलतो. ‘काही होत नाही, साहेब’ एवढंच उत्तर आलं तर दुसरा शोधा. हिवाळ्यात डीजीआरई, म्हणजे हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था, पूर्वीची सासे, रोज हिमस्खलनाचा इशारा देते, जिल्हावार आणि एक ते पाच पातळ्यांत. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. तो इशारा सकाळी वाचायचाच, पण तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नव्हे. तीनचा आकडा दिसला की लोकांना वाटतं मध्यम, चालेल. तीन म्हणजे एका माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो.

आता सामान. स्की पहिल्या वर्षी भाड्याने घ्या, विकत घेऊ नका. पैसे घालायचेच तर बुटात घाला, कारण भाड्याचा टूरिंग बूट, म्हणजे स्कीवर चढण्यासाठीचा बूट, पायाला बसेलच असं नाही आणि फोड आलेल्या पायाने निर्णयही चुकीचे होतात. टूरिंगच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीत, चढताना टाच मोकळी राहते, उतरताना बंद होते. स्किन म्हणजे स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची. मांजराच्या पाठीवरून हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने खरखरीत, तेच तत्त्व. चालताना स्की उचलायची नाही, सरकवायची. थांबलात की स्किन जॅकेटच्या आत ठेवा, गोंद गार पडला की चिकटत नाही.

बीकन, प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब घडीची काठी) आणि फावडं मात्र चौघांकडे चार संच हवेत. तीन संच आणि चौघं, हे अजिबात चालणार नाही. फावडं धातूचं घ्या, प्लास्टिकचं घट्ट बर्फावर तुटतं. सगळी बीकनं ४५७ किलोहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे कंपन्या वेगळ्या असल्या तरी बिघडत नाही. जुनी, एका अँटेनाची मात्र नको. फोन बीकनपासून लांब ठेवा, शोधताना तर हातभर तरी दूर. आणखी एक, कारण परदेशी व्हिडिओ पाहून लोक हे मागवतात: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे आणि काश्मीरमध्ये त्यावरून खरोखर कारवाई होते. नेऊ नका.

बडोद्यातल्या तयारीबद्दल. पायांसाठी पावागढ पुरेसा आहे. माचीपर्यंत जीपने जाऊ नका, चांपानेरच्या पायथ्यापासून चालत चढा, पाठीवर दहा किलो घेऊन, तासाला ३०० मीटर उंची गाठता येईल असा एकसारखा वेग धरून. उतरताना रोपवे नको. स्कीला मांड्यांची जी ताकद लागते ती उतरतानाच तयार होते. आठवड्यातून एकदा, दिवाळी ते संक्रांत. दोरीकामाचा हात बसवायचा असेल तर माउंट अबूला गुजरात सरकारची पर्वतारोहण संस्था आहेच. खाण्याचं सांगायचं तर थेपले थंडीत मऊ राहतात, सुखडी मात्र दगड होते, ती आतल्या खिशात ठेवा.

पण माझा जीव अडकलाय तो शोधाच्या सरावात, आणि त्याला बर्फ लागत नाही. बडोद्याजवळ सिंधरोटला मही नदीच्या काठी, पाण्यापासून लांब, कोरडी वाळू आहे. एक बीकन सुरू करून डब्यात घाला, डबा पोत्यात, पोतं वाळूत अर्धा मीटर खाली. पुरणाऱ्याने जागा कोणाला सांगायची नाही. मग तिघांनी घड्याळ लावून शोधायचं. बीकनवरचा बाण सरळ नेत नाही, वळणावळणाने नेतो, कारण तो चुंबकीय रेषेमागे जातो. हे वाचून समजत नाही, चालून समजतं. शेवटच्या तीन मीटरांत बीकन जमिनीला टेकवून हळू चालवा, सगळ्यात कमी आकडा जिथे येईल तिथून प्रोबने वीत-वीत अंतरावर गोलगोल टोचत जा. प्रोब पोत्याला लागला की हाताला वेगळं कळतं. तो तिथेच रोवलेला ठेवायचा, काढायचा नाही. आणि खणायचं वरून विहिरीसारखं नाही, उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरायचं. एक पुढे कापतो, मागचे वाळू सारतात, दर मिनिटाला जागा बदलतात. मीटरभर खोल माणूस काढायला टनभर बर्फ हलवावा लागतो. सगळ्यात जास्त वेळ शोधण्यात नाही, खणण्यातच जातो.

माझ्या गटाने पहिल्यांदा वाळूत हे केलं तेव्हा २२ मिनिटं लागली होती. आठव्या रविवारी सात.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी सिंधरोटला असेन. माझ्याकडे तीन बीकनं आणि दोन प्रोब आहेत, ते आणतो. फावडं प्रत्येकाने आपापलं आणा, घरामागचं बागेचंही चालेल, आणि चौघंही या. एखाद्याला त्या दिवशी जमत नसेल तर आपण पुढचा रविवार धरू.