एकच ई-पोर्टफोलिओ, दोन कॉलेजं : भिंत कुठे घालायची?

प्रश्न : आमच्या शिक्षणसंस्थेची बी.एड. आणि नर्सिंग ही दोन कॉलेजं एकाच महारा (Mahara, म्हणजे विद्यार्थ्यांनी आपलं काम आणि नोंदी ऑनलाइन ठेवायचं ई-पोर्टफोलिओ सॉफ्टवेअर) सर्व्हरवर आहेत. दोघांचे ग्रुप वेगळे केले, तरी बी.एड.च्या मुलांना सर्चमध्ये नर्सिंगच्या मुलींची नावं दिसतात. काहींच्या वॉर्डातल्या नोंदीही त्यांना उघडता आल्या. ग्रुप करताना काय चुकलं?
— प्राध्यापिका, कोथरूड, पुणे

उत्तर : ग्रुप बरोबर आहेत, पण ते या कामाचे नाहीत. महारात ग्रुप म्हणजे एकत्र काम करायची जागा. पान शेअर करताना मुलीने 'नोंदणीकृत सर्व सदस्य' हा पर्याय निवडला, की सर्व्हरवर खातं असलेला कोणीही ते वाचतो, मग तो कुठल्याही ग्रुपात असो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे.

भिंत घालायची ती 'इन्स्टिट्यूशन' या पातळीवर, म्हणजे महारात प्रत्येक कॉलेजसाठी करता येणाऱ्या वेगळ्या विभागात. आधी डेटाबेस आणि डेटारूट फोल्डर (मुलांनी चढवलेल्या फायली असतात तो), दोन्हींचा बॅकअप घ्या. एकाच्या बॅकअपवर साइट परत उभी राहत नाही. मग दोन इन्स्टिट्यूशन तयार करून प्रत्येक खातं आपापल्या ठिकाणी हलवा. 'नो इन्स्टिट्यूशन'मध्ये उरलेली खाती जरूर शोधा, जुन्या बॅचची मुलं हमखास तिथेच पडून असतात. दोन्हीकडचे सदस्य असलेले ग्रुप मोडा. त्यानंतर साइट ऑप्शन्समधल्या इन्स्टिट्यूशन सेटिंग्जमध्ये आयसोलेटेड इन्स्टिट्यूशन्स, म्हणजे दोन इन्स्टिट्यूशनना एकमेकींपासून वेगळं ठेवणारी सेटिंग, चालू करा. ही सोय १९.१० आवृत्तीपासून आहे. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर अपग्रेडला पर्याय नाही.

याची किंमत एकच, पण मोठी : एका खात्याला एकच इन्स्टिट्यूशन. दोन्हीकडे शिकवणाऱ्या शिक्षकाला वेगळ्या ईमेलवर दुसरं खातं काढून द्यावं लागेल. म्हणूनच प्रत्येक बॅचला वेगळी इन्स्टिट्यूशन करू नका, शिक्षक खाती सांभाळूनच थकतील. बॅचेससाठी ग्रुपच ठेवा, आणि त्यांचा प्रकार 'कंट्रोल्ड मेंबरशिप' ठेवा, म्हणजे मुलांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही.

एक फट तरीही राहते : सीक्रेट यूआरएल. ज्याच्या हाती ती लिंक, त्याला लॉगिनशिवाय पान दिसतं, आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की कुणाकुणाकडे पोचेल याचा नेम नाही. मुलींना आपापल्या पानांचं शेअरिंग एकदा बसवून तपासायला लावा. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, खाट क्रमांक, फोटो हे पोर्टफोलिओत मुळातच नको. कुठलीही सेटिंग त्याची भरपाई करत नाही.

तपासणी अ‍ॅडमिनच्या खात्यातून करू नका, साइट अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं. दोन्हीकडे एकेक चाचणी-विद्यार्थी तयार करा आणि एकातून दुसऱ्याचं नाव, ग्रुप व पानाचा थेट पत्ता शोधून पाहा.

प्रश्न : महारात नव्या १२ विद्यार्थ्यांची सीएसव्ही (रकान्यांत लिहिलेल्या यादीची फाइल) ग्रुपात चढवली, तर जुने सगळे सदस्य गेले. असं का?

उत्तर : ग्रुप-सदस्यांची सीएसव्ही भर घालत नाही, आधीची यादी बदलते. शॉर्टनेम (ग्रुपचं छोटं नाव), यूजरनेम, रोल (सदस्याची ग्रुपातली भूमिका) या तीन रकान्यांत जुने-नवे सगळे सदस्य लिहा आणि ग्रुपचा किमान एक अ‍ॅडमिन त्यात असू द्या. खाती तयार करायच्या फायलीत देवनागरी नावं असतील तर एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.