कॉकपिटमधली गादी उडते, पण भोक पाडायचं नाही

प्रश्न : माझी २६ फुटी फायबरची शिडाची बोट मांडव्याजवळ नांगरलेली असते. कॉकपिटच्या (सुकाणूजवळच्या बसायच्या उघड्या जागेच्या) दोन्ही बाकांसाठी नव्या गाद्या शिवून घेतल्या. प्रत्येकी १२० × ४५ सेंमी, जाडी ५ सेंमी. बोट कलली की त्या घसरतात, आणि एक तर उडून पाण्यात गेली. कारागीर टिचबटणं बसवून देतो म्हणतो, पण त्यासाठी बाकांना सोळा भोकं पाडावी लागतील. दुसरा उपाय आहे का? (अलिबाग)

उत्तर : भोकं नकोत हे तुमचं बरोबरच आहे. पुष्कळ बोटींत बाक सलग फायबरचा नसतो. वर-खाली फायबरचे थर आणि मधे प्लायवूड किंवा बाल्साचं लाकूड असतं. स्क्रूच्या कडेने झिरपलेलं पाणी त्या लाकडात मुरतं, लाकूड कुजतं, थर सुटतात. बाकावर पाय दिल्यावर तो मऊ लागला, तर काम हाताबाहेर गेलेलं असतं. शिवाय बाकाखालच्या पेटीत स्क्रूची टोकं उघडी राहिली, तर आत कोंबलेलं शीड त्यांत अडकून फाटतं.

घसरणं आणि उडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोन्हींना एकच औषध शोधायला गेलं की पैसे वाया जातात.

घसरण्यावरचा उपाय स्वस्त आहे. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट घ्या. तिच्या १० सेंमी रुंदीच्या दोन पट्ट्या गादीच्या तळाला लांबीच्या दिशेने शिवून घ्या. मॅट नुसती खाली अंथरली तर गोळा होते. अख्खा तळही मॅटने झाकू नका, मधून पाणी निघायला वाट हवी. मिठाचे कण साचले की पकड जाते, म्हणून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

उडण्याचा हिशेब वेगळा. तुमच्या मापाच्या बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमच्या गादीचं वजन किलोभराच्या आसपास असतं. तिची एक कड वर उचलली जाऊन ती वाऱ्यापुढे उभी राहिली, की २० नॉटच्या (ताशी सुमारे ३७ किमी) वाऱ्यात तिच्यावर साधारण ४ किलोचा रेटा येतो आणि ३० नॉटला ९ किलोचा. तेव्हा खरं काम आहे ते कड उचलू न देण्याचं. ती एकदा उचलली गेली की मॅट काहीच करू शकत नाही.

ज्या बाकाला उघडणारं झाकण आहे, तिथे पट्टे लावा. २५ मिमी रुंदीचा पॉलिएस्टरचा पट्टा घ्या. नायलॉन ओला झाला की ताणतो आणि ढिला पडतो, पॉलीप्रॉपिलीन उन्हात भुसभुशीत होतं. झाकणाची जाडी ३ सेंमी धरली, तर गादी आणि झाकण मिळून एका वेढ्याला १०६ सेंमी लागतात. ओढून घट्ट करायला २५ सेंमी जास्तीचे ठेवा, म्हणजे एका पट्ट्याला सुमारे १३० सेंमी. एका गादीला असे दोन, प्रत्येक टोकापासून २० ते २५ सेंमी आत. पट्टा बिजागरीच्या बाजूच्या फटीतून झाकणाखाली जातो आणि पुढच्या कडेवरून वर येतो. शाळेच्या दप्तराला असतं तसं प्लास्टिकचं क्लिप-बक्कल पुढच्या कडेला येऊ द्या, मांडीखाली नको. गादी तळाला पट्ट्यावरून सरकू नये म्हणून तिला दोन ठिकाणी पट्ट्याएवढे फासे शिवा. पट्टा पाणी वाहून जाण्याच्या पन्हळीत आडवा येत नाही ना आणि झाकण पूर्ण टेकतं ना, हे बघा. टेकलं नाही तर लाटेचं पाणी पेटीत जाईल.

या आकाराच्या बऱ्याच बोटींत एका बाजूच्या बाकाखाली झोपायची जागा असते, त्यामुळे तो बाक बंद असतो. तिथे वेल्क्रो, पण बाकाच्या वरच्या पृष्ठावर नाही. घसरू नये म्हणून तिथे खडबडीत नक्षी असते, आणि चिकटपट्टी फक्त तिच्या उंचवट्यांच्या माथ्यांना चिकटते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वेल्क्रो आडव्या, म्हणजे पृष्ठाला समांतर, ओढीला जबर धरतो, पण एका कडेने सोलून काढला तर सहज निघतो, आणि सपाट गादी वाऱ्याने उचलली जाते ती नेमकी सोलल्यासारखीच. म्हणून गादीच्या पुढच्या कडेला ७ सेंमीची झालर शिवा आणि ती बाकाच्या उभ्या, गुळगुळीत दर्शनी भागावर चिकटवा. मागच्या कडेला तसंच, पाठीमागच्या उभ्या भिंतीवर, पण तिथली झालर वर जाणारी. वारा गादी वर ओढायला लागला की वेल्क्रोवर आडवी ओढ येते. प्रत्येक कडेला ५० मिमी रुंद, १० सेंमी लांब असे तीन तुकडे पुरतात. कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपराच आधी सुटतो. मऊ बाजू बोटीला आणि काट्यांची बाजू गादीला. उलट केलंत तर गाद्या नसताना उघड्या पोटऱ्या खरचटतील.

प्रश्न : मागच्या वर्षी चिकटवलेला वेल्क्रो एप्रिलच्या उन्हात सुटला आणि मागे पिवळा चिकट डाग राहिला. चूक काय झाली आणि डाग कसा काढू?

उत्तर : बहुधा तीनांपैकी एक चूक असते : खालचं मेण काढलं नव्हतं, गोंद रबराचा होता, किंवा पहिल्याच दिवशी पाणी लागलं. रबराचा गोंद उन्हात मऊ होतो. पाठीवर 'ॲक्रिलिक गोंद' असं लिहिलेलाच वेल्क्रो घ्या.

आधी जुना काढा. हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून तंगूस (मासे धरायचा नायलॉनचा दोरा) करवतीसारखा ओढत न्या. उरलेला गोंद प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा. लोखंडी पट्टीने जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर, रेघा पडतात. मग टर्पेंटाइनने पुसा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. ॲसिटोनचा बोळा दाबून ठेवू नका, आणि पारदर्शक ॲक्रिलिकच्या खिडकीजवळ तर तो नेऊच नका, काचेला बारीक चिरा पडतात.

नवा लावताना जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, दर वेळी स्वच्छ फडकं घेऊन. ते सुकू द्या आणि मग बोटांनी शिवू नका. सकाळी, जेलकोट हाताला गार लागत असताना चिकटवा आणि प्रत्येक तुकडा अंगठ्याने अर्धा मिनिट जोर लावून दाबा. ॲक्रिलिक गोंदाची पकड एका दिवसात बरीचशी येते, पूर्ण यायला तीन दिवस लागतात. तोवर झालर जोडू नका. पुढे बोटीला मेण लावताना या जागा सोडा.

प्रश्न : गादीत चुंबकं शिवली तर?

उत्तर : नको. फायबरला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे बोटीला लोखंडी पत्रा लावावा लागेल आणि तो महिन्याभरात गंजेल. त्याहून वाईट म्हणजे सुकाणूजवळचा होकायंत्राचा काटा गादी जवळ आली की भलतीकडे वळेल, आणि गादी हलली की पुन्हा वेगळाच आकडा दाखवेल.

प्रश्न : गादी पाण्यात पडली तर लाइफजॅकेटसारखी वापरता येईल?

उत्तर : बंद पेशींचा फोम तरंगतो, म्हणून बुडणाऱ्याकडे ती जरूर फेका. पण तिच्या भरवशावर लाइफजॅकेट किनाऱ्यावर ठेवून निघू नका. सोफ्याचा साधा फोम असेल तर तो पाणी शोषतो आणि गादी जड होत जाते. कुठला फोम आहे हे ओळखायला चेन उघडा, कोपरा पाण्यात दाबून धरा आणि पिळा. पाणी निथळलं तर तो सोफ्याचा.