आधी फौंड्रीतलं मशीन बघा, मग भाषा

प्रश्न: मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीसाठी कास्टिंगच्या आवक-जावकीचा छोटा प्रोग्राम करतोय. पायथन भाषेतून सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलच्या) २०,००० ओळी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरायला साडेसात मिनिटं लागली. मित्र म्हणतो, पायथन हळूच असतं, गो भाषा घे. माझा जुना लॅपटॉप लिनक्सवर आहे, फौंड्रीतल्या मशीनवर (कॉम्प्युटरवर) विंडोज ७ आहे. पुढे नोकरी पुण्यात किंवा बंगळूरला बघायची आहे. कोणती भाषा धरू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: साडेसात मिनिटं हा आकडाच सगळं सांगतो. तुमच्या लॅपटॉपात ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेरे घेणारी) साधी हार्ड डिस्क असणार. ती सेकंदाला ९० फेरे घेते. एसक्यूलाइटचा एक कमिट (भरलेला डेटा कायमचा जतन करण्याची आज्ञा) डिस्कवर पक्का बसायला साधारण दोन फेरे जातात, म्हणजे सेकंदाला ४५ कमिट. २०,००० भागिले ४५ म्हणजे ४४४ सेकंद, जवळजवळ साडेसात मिनिटं. तुम्ही कमिट लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडच्या) आत लिहिलाय, म्हणजे प्रत्येक ओळीला एक कमिट. तो बाहेर काढा आणि सगळ्या ओळी एकाच व्यवहारात, म्हणजे शेवटी एकच कमिट देऊन, भरा. हेच काम एक-दोन सेकंदांत उरकेल. हीच चूक गोमध्ये केली असती तर तिथेही साडेसात मिनिटंच लागली असती.

पायथन हळू आहे हे खोटं नाही. नुसत्या बेरजांचं एक कोटी वेळा फिरणारं लूप त्याला साधारण अर्धा ते एक सेकंद घेतं, गोला काही मिलिसेकंद. पण चलनं आणि स्टॉकच्या कामात असलं लूप येतं कुठे?

खरी अडचण विंडोज ७ ची आहे. ‘सगळीकडे चालते’ असं प्रत्येक भाषेबद्दल म्हणतात, पण कोणती आवृत्ती ते बघायचं. विंडोज ७ वर चालणारी पायथनची शेवटची मालिका ३.८, गोची १.२०. जावा ८ चालते. आज नवी आवृत्ती उतरवून बनवलेली एक्सई फाइल (विंडोजवर थेट चालणारा प्रोग्राम) तिथे उघडणारच नाही, आणि दोष मात्र तुमच्या कोडवर येईल. म्हणून जुनीच आवृत्ती घ्या, आणि मशीन ३२-बिट आहे की ६४-बिट, हे आधी जाऊन बघा.

पायथनच्या प्रोग्रामची एक्सई बनवणारं पायइन्स्टॉलर लिनक्सवर बसून विंडोजची एक्सई बनवत नाही, त्यासाठी विंडोजच लागतं. मशीन ३२-बिट असेल तर ३.८ ची ३२-बिट प्रत टाका. या आवृत्तीला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, विंडोज ७ लाही नाहीत. ते मशीन इंटरनेटला जोडू नका.

आपल्या भागात हमखास नडणारी आणखी एक गोष्ट: गिऱ्हाइकांची नावं काही मराठीत, काही कन्नडमध्ये. लिनक्सवर छान दिसलेली फाइल विंडोजवर एरर देते, कारण तिथे पायथन ३.८ फाइल उघडताना यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) गृहीत धरत नाही. फाइल उघडतानाच एन्कोडिंग, म्हणजे ही पद्धत, लिहा. एक्सेलसाठी सीएसव्ही काढायची असेल तर एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८-सिग द्या, नाहीतर ‘पाटील’च्या जागी चिन्हांचा खच दिसेल.

तेव्हा फौंड्रीसाठी पायथनच ठेवा. नोकरीसाठी आमचं मत: जावा आणि एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा), नंतर स्प्रिंग बूट (जावातली तयार चौकट). पण आमच्यावर विसंबू नका. नोकरीच्या एखाद्या पोर्टलवर ‘० ते २ वर्षं अनुभव’ ही चाळणी लावा आणि पुणे, बंगळूर, हुबळी, बेळगाव अशी चार शहरं एकाच संध्याकाळी मोजा. चाळणी न लावता आलेला आकडा फसवा असतो. त्यात अनुभवी लोकांच्या जागाही मोजल्या जातात.

प्रश्न: गोमध्ये लिनक्सवरून विंडोजची एक्सई बनवली. बनली नीट, पण डेटाबेस उघडताना ‘सीगो लागतं’ असा एरर येतो.
– एक वाचक, खानापूर

उत्तर: दुसऱ्या सिस्टिमसाठी बिल्ड करताना (एक्सई बनवताना) गो आपणहून सीगो (गोमधून सी भाषेतला कोड वापरण्याची सोय) बंद करतं. तुमचा एसक्यूलाइट ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा कोड) सी भाषेतल्या कोडवर उभा आहे, त्यामुळे बिल्ड होतं पण चालवताना अडतं. एक तर विंडोजसाठीचा मिंगडब्ल्यू हा सी कंपायलर लिनक्सवर टाकून सीगो चालू करा, किंवा निव्वळ गोमध्ये लिहिलेला ड्रायव्हर घ्या. दुसरा थोडा हळू असतो, पण दुकानाच्या हिशेबाला पुरतो. बदलताना ड्रायव्हरचं नाव कोडमध्येही बदला, नाहीतर ‘अनोळखी ड्रायव्हर’ असा नवा एरर येईल.