उद्यमबागेतली नोकरी सोडून आयटीत जाऊ का?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला, वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल. बेळगावात उद्यमबागेत १२ वर्षं व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) सेटर-प्रोग्रामर आहे. एकाच पार्टचे पाच साइज मॅक्रो (मशीनच्या प्रोग्रॅममध्ये बदलत्या किमती आणि अटी) लिहून एका प्रोग्रॅममध्ये बसवले, पण पगार अडकलाय. कर्ज काढून पुण्यात सहा महिन्यांचा फुल-स्टॅक (वेबसाइटचं पुढचं-मागचं सगळं प्रोग्रॅमिंग) कोर्स करू का? शिक्षण मराठी शाळेत झालं, इंग्रजीची धास्ती आहे.

उत्तर: वय गेलेलं नाही. पण राजीनामा आत्ता देऊ नका आणि कर्ज तर मुळीच काढू नका.

मॅक्रोचं तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबलो. हॅश १०० या कप्प्यात किंमत ठेवायची, इफ लावून 'गोटू' या आज्ञेने प्रोग्रॅमच्या दुसऱ्या ब्लॉकवर पाठवायचं, व्हाइल लावून पॉकेट (पार्टमधला खळगा) थोडं थोडं खोल न्यायचं. व्हेरिएबल, अट, लूप म्हणतात ते हेच. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गोटू नाही; इफ आणि व्हाइल आहेतच.

पुण्यात फुल-स्टॅक शिकून तुम्ही बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत, फ्रेशरच्या पगारावर उभे राहाल. तिथे ही १२ वर्षं कोण मोजणार? कारखान्यांसाठी ईआरपी (साठा, ऑर्डर, हिशेब सांभाळणारं), मशीन मॉनिटरिंग, कॅम (मशीनचा प्रोग्रॅम बनवून देणारं) सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत ती मोजली जातात. कोड लिहिणारे त्यांना मिळतात. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला की बोअर (भोक) मापाला कमी भरतो हे हाताने अनुभवलेला माणूस सहसा मिळत नाही.

शिफ्टनंतर रोज तासभर पायथन आणि एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतून धडे आहेत, फुकट. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे कोर्सही फुकट, परीक्षा द्यायची तरच फी. मग मालकांना विचारून शॉपमधलं रिजेक्शनचं रजिस्टर घ्या. शिफ्ट, मशीन, टूल, माप असं सगळं डेटाबेसमध्ये भरा आणि कोणत्या टूलवर किती पार्टांनंतर माप बाहेर जातं, ते पायथनकडून काढून घ्या. मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी हे दाखवा.

इंग्रजीचं म्हणाल तर कंट्रोलवर अलार्म आला की तो वाचून मशीन सुरू करताच ना? पायथनची एरर तशीच वाचायची. बोलायचं इंग्रजी सरावाने येईल. काही कंपन्या पदवी मागतात. त्यासाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीसीए (कॉम्प्युटरची पदवी) नोकरी सांभाळून करता येतं.

रजिस्टरचं काम चालतं झालं की पुन्हा लिहा, सोबत बायोडाटा जोडा. कुठे आणि कसा अर्ज करायचा ते तेव्हा बसून ठरवू.